कंठीची पहिली प्रत

"आणि माझ्याकडून काही चुकीचं टाइप झालं तर?" विद्याधर ननावरे यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"तर ते म्हणेल, कळलं नाही. एवढंच." मैथिलीने वडिलांची खुर्ची टेबलाजवळ ओढली. "बाबा, हे जपून ठेवायचं यंत्र आहे. तुमच्या बोटांनी मोडणार नाही ते."

समोरच्या पडद्यावर काळी पाटी होती आणि तिच्यावर एक पांढरी रेघ उघडझाप करत होती. चित्र नाही, बटण नाही. साताऱ्याच्या एका छापखान्यात विद्याधरांनी उभं आयुष्य मुद्रितशोधनात घालवलं होतं. यंत्रं प्रुफं वाचू लागली आणि छापखान्याने त्यांना शाल, नारळ देऊन घरी पाठवलं, तेव्हापासून कुठल्याही पडद्यासमोर बसलं की आपण इथे आगंतुक आहोत असं त्यांना वाटायचं. पण हे काम टाळता येण्यासारखं नव्हतं. पलीकडच्या खोलीत त्यांची पत्नी रजनी झोपली होती, आणि तिचा आवाज या पाटीमागे जपून ठेवायचा होता.

आदल्या वर्षी रजनीबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समज शाबूत होती. काय बोलायचं ते त्यांना ठाऊक होतं, मेंदूतून जिभेला आणि ओठांना हुकूमही सुटत होते, पण खाली जाणारी वाट उद्ध्वस्त झाली होती. पुण्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी कवटी उघडून, जिथून हे हुकूम सुटतात त्या भागावर पोस्टाच्या तिकिटाएवढी मऊ जाळी बसवली. जाळी हुकूम टिपते आणि गळ्यातल्या एका चपट्या माळेकडे पाठवते. माळेत छोटा संगणक आणि स्पीकर. कंपनीने तिला भलंमोठं नाव दिलं होतं, पण रुग्णांच्या घरोघरी तिला कंठीच म्हणत. आवाज रजनीबाईंच्या जुन्या व्हॉइस मेसेजांवरून बनवलेला होता.

कंठीचं काम दोन टप्प्यांत चाले. आधी ती जिभेच्या हुकमांवरून ध्वनी ओळखायची. ते कधीच स्पष्ट नसत, म्हणून मग माणूस यातलं कुठलं वाक्य बोलत असण्याचा संभव जास्त, याचा अंदाज करायची. शाई फुटलेल्या ओळीतलं अक्षर आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखावं, तसं. हे विद्याधरांना एका झटक्यात समजलं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

जाळी मात्र मेंदूवर केसाएवढी सरकत राहते आणि मेंदूही नव्या सवयी लावून घेतो. म्हणून रोज संध्याकाळी जुळवणी करावी लागे. दिवसभरातली शंकास्पद वाक्यं टॅबलेटवर येत. बरोबर असेल तर खूण करायची, चूक असेल तर दुरुस्त करायचं. त्यावरून कंठी रात्रीतून शिकायची. हे सगळं शिकणं एका फाइलीत साठत असे. नव्या कायद्याने ती फाईल रुग्णाची. इस्पितळाने तिची प्रत ठेवायची नाही. ती जपण्याची जबाबदारी घरच्यांची.

"फाईल बाहेर गेली तर काकूंच्या आवाजात कुणीही काहीही बोलू शकेल," वाचाउपचार करणाऱ्या फरजाना मुजावर यांनी बजावलं होतं. "आणि हरवली तर काकू पुन्हा मुक्या. म्हणून प्रत काढायची, आणि कुलूप लावून ठेवायची."

मैथिलीने त्यासाठी 'कोठार' नावाचं साधन आणलं होतं. काही हौशी मंडळींनी बनवलेलं, फुकट, आणि मराठीत हुकूम घेणारं. 'कोठार ठेव' लिहिलं की ते फाइलीचे बारीक तुकडे करी, कालच्यापेक्षा जे बदलले असतील तेवढेच उचली, घरातून बाहेर पडण्याआधीच त्यांना कुलूप लावी, आणि एक संच कपाटातल्या हार्डडिस्कवर, दुसरा नागपूरच्या भाड्याच्या साठवणीत पाठवी. साठवणवाल्याला दिसायचा तो नुसता अक्षरांचा चुरा. 'कोठार दाखव' म्हटलं की आजवरच्या सगळ्या तारखा समोर येत. 'कोठार आण' म्हणून तारीख सांगितली की त्या दिवशीची फाईल जशीच्या तशी परत.

"रोज दुपारी चारला कंठी चार्जरवर असते, तेव्हा हे आपोआप चालेल," मैथिली म्हणाली. "तुम्ही फक्त परवलीचे शब्द लक्षात ठेवायचे. ते विसरलात तर देवही उघडू शकणार नाही. आणि ही शेवटची ओळ जुन्या प्रती काढून टाकण्यासाठी आहे. महिन्याला एक ठेवून बाकीच्या—"

"नको. काढायच्या नाहीत."

"का?"

"पुस्तक बाहेर पडेपर्यंत पहिलं प्रूफ टाकत नाहीत."

"आई काय पुस्तक आहे, बाबा?"

"तरी राहू दे."

मैथिलीने हसून ती ओळ पुसली.

*

पहिल्या दिवसांत कंठी फार चुकायची. निदान विद्याधरांना तरी तसं वाटलं.

"मले चाय पायजे," ती म्हणाली. "पाय दुखून रायले." "खिडकी लाव वो, ऊन डोयात जाते."

संध्याकाळी ही वाक्यं टॅबलेटवर आली तेव्हा रजनीबाई थकून पडलेल्या होत्या. विद्याधरांनी टॅबलेट मांडीवर घेतला आणि दुरुस्त करायला बसले. 'मले' खोडून 'मला'. 'पायजे' खोडून 'पाहिजे'. 'डोयात' खोडून 'डोळ्यात'. रजनीबाईंनी डावा हात उचलून काहीतरी खुणावलं. तुम्हीच करा, मी दमले, असं त्या म्हणताहेत असा अर्थ त्यांनी घेतला.

त्यांनी अर्थ चुकीचा लावला, यात नवल नव्हतं. रजनी वऱ्हाडातल्या अकोटची. गावंड्यांची मुलगी. लग्न होऊन साताऱ्याला आली त्या वर्षी 'का' आणि 'कशाला'ऐवजी येणाऱ्या तिच्या 'काऊन'ला आणि 'कायले'ला सासूबाई पदर तोंडाला लावून हसत, शेजारणींना बोलावून ऐकवत. वर्षभरात तिने ते सगळं बंद केलं. पुढे ती प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि इतकं स्वच्छ वाचायची की शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात निवेदन तिच्याकडेच. चाळीस वर्षं विद्याधरांनी ऐकली ती ही रजनी. अकोटला बहिणीशी फोनवर बोलताना तिचा सूर वेगळा लागे, पण तेव्हा ती दार लोटून घेई, आणि ते तिकडे लक्ष देत नसत.

म्हणून यंत्राची चूक ती यंत्राची चूक. आणि चुकीचं छापलेलं दिसलं की त्यांचा हात थांबत नसे. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत असं त्यांना वाटत होतं. महिनाभरात ते शब्दांवरून वाक्यांवर आले. भेटायला आलेल्या शेजारणीबद्दल 'त्या बाईले हाकल' हे रजनी म्हणेलच कशी? त्यांनी 'त्यांना नंतर यायला सांगा' केलं. कंठी आज्ञाधारक होती. ती शिकली.

हिवाळा सरता सरता कंठी सुरेख बोलू लागली. शेजारचे लोक येऊन ऐकून जात. "रेडिओवरच्या बाईसारखं बोलतात हो वहिनी," म्हणत. विद्याधर लाजून खाली बघत, पण रात्री त्यांना छान झोप लागे.

आणि रजनीबाई गप्प होत गेल्या.

एके सकाळी त्या म्हणाल्या, "हे माझे बोलणे नाही."

उच्चार निर्दोष होता.  विद्याधरांनी इस्पितळात ते जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली. मेंदूत यंत्र बसवलेल्या माणसांना कधीकधी असा परकेपणा वाटतो, म्हणाले, आणि लक्षणांमध्ये तेही लिहून घेतलं. पुढे दिवसाला पाच-सहा वाक्यं, मग दोन-तीन, मग नुसतं हो आणि नको. जाळी सरकली असावी, असं शल्यचिकित्सकांचं मत पडलं. पुन्हा कवटी उघडून नवी जाळी बसवावी लागेल. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे वय, आधीचा झटका. धोका आहे, त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण नाही केलं तर उरलेले शब्दही जातील.

विद्याधरांनी संमतीच्या कागदावर सही केली. रजनीबाईंना विचारलं तेव्हा कंठी म्हणाली, "आपण म्हणाल तसे."

*

ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी फरजाना घरी आल्या. मैथिलीही पुण्याहून आली होती.

"काका, नव्या जाळीवर जुनी फाईल चढवावी लागेल," फरजाना म्हणाल्या. "ऐनवेळी उघडली नाही तर पंचाईत. तेव्हा आजच एकदा परत आणून बघू या. सगळ्यात जुनी प्रत घ्या. ती उघडली तर बाकीच्यांची काळजी नाही."

"मी करू?" मैथिलीने विचारलं.

"नाही. मला येतं." विद्याधरांना स्वतःच्याच उत्तराचं आश्चर्य वाटलं. त्यांनी 'कोठार दाखव' लिहिलं. तारखांची रांग खालून वर सरकत गेली आणि पहिलीवर थांबली. 'कोठार आण', तारीख, परवलीचे शब्द. तुकडे एकेक करून कुलपातून बाहेर आले, एकमेकांना चिकटले. 'पूर्ण. पडताळणी बरोबर.'

फरजानांनी फाईल कंठीवर चढवली आणि खुर्चीत बसलेल्या रजनीबाईंच्या गळ्यात घातली. "काकू, काहीही बोला. काय वाटेल ते."

रजनीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. हो किंवा नको येईल, म्हणून सगळे थांबले.

कंठीत खरखर झाली. एक शब्द अर्धा उमटला आणि विरला.

"मले... पानी दे वं... थंडं."

रजनीबाईंनी डोळे उघडले.

विद्याधर टेबलावरच्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतू लागले. पुन्हा खरखर. "आलं? हे... भाईर आलं?"

"आलं, काकू," फरजाना म्हणाल्या.

"अवं माय!" आणि मग थांबलंच नाही. निम्मे शब्द गाळले जात होते, काही भलतेच येत होते, पण रजनीबाईंची डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटत होती आणि कंठी बोलत होती. "मी इतके दिस... इचार करो एक अन् निंघे... दुसरंच. गोड गोड. जशी का... पावनी हाव मी अठी. काऊन वो?" त्या विद्याधरांकडे वळल्या. "मले बोलू काऊन नाई देल्लं?"

विद्याधर हातातला पाण्याचा पेला धरून उभे होते. तो त्यांनी पत्नीला द्यायचा होता, हे मैथिलीने त्यांच्या हातातून घेतला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

फरजाना आपल्या टॅबलेटवरचे आलेख पाहत होत्या. "जाळी हललेली नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "सिग्नल उत्तम आहेत. मागच्या महिन्यांतले बघा. प्रत्येक वेळी सुरुवात झाली आहे आणि पहिल्या शब्दानंतर तुटलं आहे. आम्ही समजलो, जाळी टिपत नाही. पण काकू स्वतःच थांबत होत्या. पहिला शब्द ऐकायच्या आणि पुढचा गिळायच्या."

"म्हणजे ऑपरेशन?"

"गरज नाही. मी सरांशी आजच बोलते."

"पण मग आधी ती अशी... अशी बोलत नव्हती हो कधी," विद्याधर म्हणाले. "चाळीस वर्षांत नाही."

"बोलायच्या आधी मनात काय येतं ते आपल्याला कुठे ऐकू येतं, काका? काकूंच्या जिभेचे पहिले हुकूम माहेरच्या बोलीतच सुटत असणार. मग शेवटच्या क्षणी मेंदू ते वळवून घ्यायचा, इतक्या सवयीने की त्यांनाही कळत नसेल. झटक्यात हे वळवणंच गेलं असावं. कंठीला मिळत होतं ते वळवण्याआधीचं."

मैथिली आईकडे बघत होती. मग वडिलांकडे. "बाबा, तुम्ही आईची प्रुफं तपासलीत?"

 "मला वाटलं यंत्र चुकतंय," विद्याधर म्हणाले. आणि क्षणभराने, कारण आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या ओळी खऱ्या करून दिल्या होत्या, त्यांनी स्वतःचीही केली. "सुरुवातीला वाटलं. नंतर मला ते जास्त आवडू लागलं."

*

जेवणं झाल्यावर चौघं पुन्हा टेबलाशी बसली, कारण एक प्रश्न शिल्लक होता.

आजची फाईल रजनीबाईंच्या मेंदूचे जवळजवळ सगळे हुकूम ओळखत होती, पण विद्याधरांच्या मराठीत बोलत होती. पहिली फाईल त्यांचंच बोलत होती, पण निम्मं चुकत, अडखळत. मधल्या काळातलं सगळं शिकणं तिच्यात नव्हतं.

"दोन्हीतलं चांगलं तेवढं एकत्र नाही करता येणार?" विद्याधरांनी विचारलं.

"ध्वनी ओळखायला ती तुमच्या दुरुस्त्यांवरूनच शिकली, काका. दुधात साखर विरघळल्यासारखं झालं आहे. वेगळं काढता येत नाही. पहिलीवर गेलो तर सगळी जुळवणी पुन्हा. वर्षभर तरी लागेल."

"मग मधली एखादी प्रत? दुसऱ्या महिन्यातली? तेव्हा थोडं थोडं दोन्ही—"

"नाई," कंठी म्हणाली.

"अगं, पण वर्षभर लोकांना तुझं निम्मं समजणार नाही."

"आतापावतर... पुरं समजे. तवा कोन... मले आयके?"

मैथिली आईकडे न बघता टॅबलेटची कड पुसत होती. आईने तिच्याकडे पाहून भुवई उचलली. काय झालं, ही खूण कंठीशिवाय कळणारी होती.

"मला ही आई माहीतच नाही," मैथिली म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तिला त्याचा राग येत होता. "मला गोष्टी सांगितल्यास, अभ्यास घेतलास, ओरडलीस, सगळं त्या मराठीत. ती पण खरीच होतीस ना तू? का सगळं वळवून घेतलेलं होतं?"

रजनीबाईंना उत्तर द्यायला फार वेळ लागला. दोनदा भलतेच शब्द आले, त्यांनी मान हलवून ते उडवून लावले.

"ते म्या... केलतं. माह्या मनानं. तुही आजी हासे म्हून सुरू केलं, पन मंग... तुह्यासाठी, शाळंसाठी, म्याच केलं. ते माहंच. हे..." डाव्या हाताने त्यांनी टॅबलेटकडे बोट दाखवलं. "हे यायनं केलं. मले न इचारता."

मैथिलीने नाक पुसलं आणि हसली. "मग मला पण शिकव. 'यायनं' म्हणजे यांनी ना?"

"पोट्टी हुशार हाय," कंठी म्हणाली, आणि हे वाक्य मात्र एकही अक्षर न गाळता आलं.

फरजानांनी पहिली प्रत कायम केली आणि निघताना जुळवणीचा टॅबलेट रजनीबाईंच्या मांडीवर ठेवला. विद्याधरांनी तो उचलायला हात पुढे केला नाही. त्यांना वाटलं, एवढ्याने झालं.

पण दुपारी रजनीबाई म्हणाल्या, "ते कोठार. चाबी... कोनाजोळ हाय?"

"माझ्याकडे. परवलीचे शब्द मला पाठ आहेत."

"माही कर."

मैथिलीने पडदा त्यांच्यासमोर सरकवला. "सोपं आहे, आई. कोठारात नवी किल्ली जोडता येते आणि जुनी काढता येते. दोन्ही ठेवल्या तरी चालतं."

"एकच."

विद्याधर तिच्याजवळ सरकले. "रजनी, माझं ऐक. मी आता हात लावणार नाही, शपथ घेतो. पण उद्या तुला पुन्हा काही झालं, शब्द विसरलीस, तर? घरात दुसऱ्या कुणाला उघडता आलं पाहिजे. नाहीतर तुझा आवाज कायमचा त्या चुऱ्यात राहील."

"तर राहीन गप." कंठी खरखरली. "पयलेबी होतीच. पन तवा... मी गप होती. मंग मी गप नोती, मले... दाबलं होतं." त्यांनी दम घेतला. "लय फरक हाय वो."

 विद्याधरांनी कीबोर्ड जवळ ओढला, आपले परवलीचे शब्द लिहिले, आणि 'नवी किल्ली सांगा' असं आल्यावर कीबोर्ड पत्नीच्या डाव्या हाताखाली सरकवला. स्वतः उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मैथिलीही उभी राहिली.

मागे काहीच वाजलं नाही. विद्याधरांनी न राहवून थोडी मान वळवली. रजनीबाई गळ्यातली कंठी काढत होत्या. मनात शब्द जुळवताना तो कंठीतून मोठ्याने बाहेर पडला असता. एका हाताने उघडताना अडणारा तिचा आकडा त्यांनी स्वतःच सोडवला, कंठी टेबलावर पालथी ठेवली, आणि पूर्ण मुकेपणाने, एकेक अक्षर शोधत, किल्ली लिहिली. विद्याधरांनी झटकन भिंतीकडे पाहिलं.

बऱ्याच वेळाने कंठी पुन्हा गळ्यात गेल्याची खरखर ऐकू आली.

"या इकडे."

पडद्यावर होतं: 'जुनी किल्ली काढली. किल्ल्या: एक.' आणि खाली ती पांढरी रेघ, पुढच्या हुकमाची वाट बघत.

विद्याधर खुर्चीत बसले. घरातल्या एका दाराची किल्ली आज आपल्याकडे नाही, हे त्यांना विचित्र वाटत होतं, आणि ते दार कधीच आपलं नव्हतं हे त्याहून जास्त. तरी राहवलं नाही.

"निदान पहिला शब्द तरी सांग. एकच."

"नाई."

"का गं?"

"तुमी त्यातबी चूक काढसान."

मैथिली फिस्सकन हसली. आणि तिच्या पाठोपाठ रजनीबाईही हसल्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, मधेच ठसका लागलेलं, घशातून फुटलेलं मोठं हसू. विद्याधरांनी सवयीने कंठीकडे पाहिलं. कंठी गप्प होती.